गोळीबरोबर घासही हवा

सभासद बंधू-भगिनींनो,

आमच्याकडून आपण नेहमीप्रमाणे बेणे मळा, खोडव्याची निगा किंवा पाचट कुजविण्याविषयी चार शब्दांची अपेक्षा कराल. ते पुढील अंकी. आजचा विषय ताटाचा आहे, आणि तोही आजारी माणसाच्या ताटाचा. ऊस विकास अधिकाऱ्याने डॉक्टरांच्या प्रांतात का शिरावे, असे काहींना वाटेल. आमची पदविका शेतीची आहे, डॉक्टरकी आम्ही सांगणार नाही. पण शेताच्या बांधावर जे दिसले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

गेल्या गळीत हंगामातील गोष्ट. एका गटात एका टोळीची तोड रोजच्या रोज मागे पडू लागली. गाडी वेळेवर भरेना. सभासदाची तक्रार आली, म्हणून आम्ही फडात गेलो. मुकादमाने एका कोयत्याकडे बोट दाखवले. "साहेब, ह्यो गडी सारखा खाडं करतोय. बायको एकटी तोडती. उचल घेऊन बसलाय आन् काम नाही." आम्हांलाही तसेच वाटले. दारूचा नाद असेल, असे मनात धरूनच आम्ही त्याच्या कोपीत गेलो. माणूस वाकळ पांघरून पडला होता. वय पस्तिशीचे, अंगावर मांस नाही, खोकल्याने छाती भात्यासारखी हलत होती. बायकोने पत्र्याची पेटी उघडून औषधाची पाकिटे दाखविली. क्षयाची औषधे. गावाकडे महिनाभर घेतली आणि इकडे आल्यावर बंद केली.

"का रे बाबा बंद केलीस?"

"साहेब, गोळी घेतली की डोळ्यापुढं अंधारी येती, उमळून येतंय. पोटात काय आसंल तर गोळी टिकंल ना."

पोटात काय होते? सकाळी भाकरी आणि तिखट, दुपारी तेच, रात्री कधी भात. डाळ आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी आणली तर. दूध चहात घालण्यापुरते. सरकारकडून क्षयरोग्याला आहारासाठी पैसे मिळतात, हे त्याला ठाऊक होते. पण बँकेचे खाते आधारला जोडलेले नव्हते, म्हणून एक पैसाही आला नव्हता. आणि त्या कोपीत त्याच्या शेजारी दोन लेकरे झोपत होती.

सभासद मित्रहो, आम्ही वीस वर्षे लोकांना विचारत आलो की लागणीला शेणखत किती टाकले, युरिया किती दिला, सूक्ष्म अन्नद्रव्ये दिली की नाही. त्या ऊसाला कोयता लावणाऱ्या माणसाने काय खाल्ले, हे एकदाही विचारले नव्हते. त्या दिवशी प्रथम विचारले, आणि शरम वाटली.

आता थोडी माहिती. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. क्षयाचे जंतू अंगात शिरले म्हणजे प्रत्येकाला रोग होतोच असे नाही. पुष्कळांच्या अंगात ते वर्षानुवर्षे गप्प पडून असतात. शरीर खंगले, खाणे तुटले की ते डोके वर काढतात. मधुमेह, दारू आणि तंबाखू यांनीही त्यांना वाट मिळते. पण आपल्या देशात सर्वांत मोठी वाट आहे ती अर्धपोटी राहण्याची. रोग झाला की भूक मरते आणि वजन उतरते. वजन उतरले की रोग बळावतो. ही घाण्याच्या बैलाची फेरी आहे. गोळी तिला एका बाजूने अडविते, दुसऱ्या बाजूने अन्नानेच अडवावे लागते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अन्नाने क्षयाचे जंतू मरत नाहीत. औषधे निघण्यापूर्वी मिरजेला, पाचगणीला सॅनिटोरियममध्ये रोग्याला ठेवत, स्वच्छ हवा, दूध, अंडी, विश्रांती देत. तरी अनेक रोगी दगावत. पुढे १९५०च्या दशकात मद्रासला क्षयरोगाच्या औषधोपचारासाठी एक केंद्र निघाले. तेथे एक मोठा प्रयोग झाला. काही रोगी सॅनिटोरियममध्ये ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या, गरिबीच्या घरीच ठेवून तीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष आला. घरचे जेवण निकृष्ट असूनही, औषध नियमित घेतले तर गुण जवळपास सारखाच येतो. त्या निष्कर्षाने लाखो गरिबांना घरबसल्या उपचार मिळाले, हे फार मोठे काम झाले. पण त्याच्या आड एक गैरसमजही वाढला. औषध आहे ना, मग खाण्याचे काय एवढे, असे सगळेच म्हणू लागले. सहा दशके क्षयाच्या कार्यक्रमात अन्न हा दुय्यम विषय राहिला.

मग प्रश्न पुन्हा विचारला गेला. मद्रासचे ते केंद्र आज चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था आहे. तिच्याच सहभागाने डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी २०१९ पासून झारखंडच्या चार जिल्ह्यांत एक प्रयोग केला. २,८०० रोगी आणि त्यांच्या घरची दहा हजारांवर माणसे त्यात होती. दर पाच रोग्यांत चौघांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. प्रत्येक रोग्याला औषधाबरोबर सहा महिने, दर महिन्याला सुमारे दहा किलो शिधा दिला. त्यात पाच किलो तांदूळ, तीन किलो सातू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, दीड किलो दूध पावडर आणि अर्धा लिटर तेल होते, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. निम्म्या गटात घरच्या माणसांनाही माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. निम्म्या गटात दिली नाही.

२०२३ साली निकाल प्रसिद्ध झाला. ज्या घरी सर्वांना शिधा मिळाला त्या घरात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरले. दुसऱ्यास लागण करणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाच्या बाबतीत ते ४८ टक्क्यांनी कमी. आणि ज्या रोग्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे साठ टक्क्यांनी कमी आढळला. चाळीस किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे दोन किलो. दोन किलो वजनावर माणसाचे जगणे-मरणे ठरते, हे वाचून आम्ही दोन दिवस अस्वस्थ होतो.

यात नवल काही नाही. ऊसावर तांबेरा आला की आपण बुरशीनाशक फवारतो, ते फवारलेच पाहिजे. पण फवारल्याने पिकाचे पोट भरत नाही. उपाशी खोडव्यावर कितीही फवारा, टनेज येत नाही. हे आपल्या गावच्या कोणत्याही शेतकऱ्याला कळते. माणसाच्या बाबतीत मात्र आपण विसरतो.

"पण सरकार देतंय की," असे कोणी म्हणेल. देते, आणि ते सांगितले पाहिजे. निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून उपचार चालू असेपर्यंत महिना ५०० रुपये रोग्याच्या खात्यात जमा होत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले. अगदी खंगलेल्या रोग्याला पहिले दोन महिने जादा पोषक आहार देण्याचेही त्याच वेळी ठरले. शिवाय २०२३ पासून रेशनचे धान्य मोफत आहे. कार्ड गावाकडचे असले तरी धान्य इकडच्या दुकानातून उचलता येते.

हे सर्व चांगलेच आहे. पण हिशेब करून पाहा. महिना हजार रुपये म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. माणूस कामावर नाही, घरात मिळकत नाही. ते तेहतीस रुपये रोग्याच्या वाटीत जातात की किराणा दुकानाच्या उधारीत, हे घरचा कर्ता जाणे. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, डाळ आणि दूध मिळत नाही. आणि क्षयात झिजलेले अंग नुसत्या भाताने भरून येत नाही, त्याला प्रथिने लागतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. एका अंड्यात सहा. साखरेत शून्य.

साखरेचा उल्लेख मुद्दाम केला. आमचीच एक चूक कबूल करतो. मागे एकदा कार्यक्षेत्रातील क्षयरोग्यांना काहीतरी मदत करावी असे बोलणे निघाले, तेव्हा आम्हीच पटकन सुचविले, प्रत्येकाला पाच किलो साखर द्यावी. आपल्या घरचा माल, वाटायला सोपा. पिशव्या भरूनही झाल्या. आरोग्य केंद्राचे डॉक्टर म्हणाले, "साहेब, यादीतल्या दोघांना मधुमेह आहे. त्यांना साखर देऊन काय करू?" आम्ही गप्प झालो. मधुमेह असणाऱ्याला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दुपटी-तिपटीने असतो, म्हणून आता क्षयाच्या प्रत्येक रोग्याची रक्तातील साखरही तपासतात, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. देणाऱ्याला जे सोपे ते द्यायचे, घेणाऱ्याला काय हवे ते विचारायचे नाही, ही मदत नव्हे. ती आपल्या गोदामाची सोय झाली.

आता आमचे म्हणणे. २०२२ साली क्षयमुक्तीचे जे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, त्यात "निक्षय मित्र" म्हणून रोग्याच्या आहाराची जबाबदारी कोणालाही घेता येते. एकटा माणूस, मंडळ, कंपनी, आणि सहकारी संस्थासुद्धा. रोग्याची संमती असली की आरोग्य खाते जोड घालून देते. आपल्या कारखान्याने हे काम घ्यावे, आणि ते पुढील तीन मार्गांनी व्हावे, असे आमचे नम्र मत आहे.

पहिला मार्ग सवलतीच्या साखरेचा. आपणा सर्वांना कार्डावर सवलतीची साखर मिळते. ती सभासदाच्या हक्काची आहे, त्याविषयी वाद नाही. पण कित्येक घरांत आज एक तरी मधुमेही आहे. गट ऑफिसात येऊन सभासद आम्हांलाच सांगतात, "डॉक्टरनी साखर बंद केलीया, तरी कार्डावरची उचलतो, पाहुण्यात वाटतो." अशा सभासदांनी, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांनी, महिन्याला एक किलोचा हक्क लेखी अर्ज देऊन सोडावा. ती साखर कारखान्याने बाजारभावाने विकावी आणि फरकाची रक्कम आहार निधीत जमा करावी. समजा, फरक किलोला दहा रुपये धरला आणि हजार सभासदांनी एकेक किलो सोडली, तर महिन्याला दहा हजार रुपये होतात. हजार रुपयांची टोपली धरली तर दहा रोग्यांची सोय झाली. सक्ती कोणावर नाही.

दुसरा मार्ग आमच्या खात्याचा, आंतरपिकाचा. आडसालीत भुईमूग किंवा सोयाबीन, पूर्वहंगामीत हरभरा, सुरूत भुईमूग घ्या, असे आम्ही कैक वर्षे सांगत आहोत. जमिनीलाही ते मानवते. जे सभासद आंतरपीक घेतात त्यांनी खळ्यावर सुगीचा वाटा म्हणून पायलीभर हरभरा किंवा शेंगा गट ऑफिसात द्याव्यात. बलुतेदारांचा, देवाचा वाटा काढण्याची चाल आपल्या गावांना नवी नाही. टोपलीत धान्य थोडे आणि डाळ, शेंगदाणे, तेल, दूध जास्त असावे. जो खातो त्याला अंडी. माळकऱ्याला अंडी नकोत, त्याला दूध आणि शेंगदाणे वाढवून द्यावेत. प्रत्येकाला विचारून द्यावे, साखरेच्या पिशवीची चूक पुन्हा नको. आणि घरात लहान लेकरे असतील तर डाळीचा वाटा त्यांच्यासाठीही असावा. झारखंडच्या प्रयोगाचा खरा धडा तोच आहे. घरात एकट्या रोग्यासाठी आणलेले अंडे आई लेकराच्या ताटात टाकतेच, आणि तिला त्याबद्दल बोल लावता येत नाही.

तिसरा मार्ग ऊसतोड मजुरांचा, आणि आमच्या मते हाच सर्वांत निकडीचा. बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना या भागांतून टोळ्या आपल्याकडे येतात. हंगाम चार-पाच महिन्यांचा. क्षयाचा साधा कोर्स सहा महिन्यांचा. म्हणजे येताना असो वा जाताना, कोर्स कोठेतरी वाटेत तुटणार. यासाठी टोळी उतरली की पहिल्या आठवड्यातच आरोग्य केंद्राच्या मदतीने तपासणी व्हावी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी कणकण, उतरते वजन, असे कोणी असेल तर बेडका तपासावा. मुकादमांनी लपवू नये. ज्यांचे औषध गावाकडे सुरू झाले आहे त्यांचा निक्षय क्रमांक आमच्या चिटबॉयने लिहून आरोग्य केंद्रास कळवावा, म्हणजे औषध येथे मिळेल. बँकेचे खाते आधारला जोडून देण्यास आमचे कारकून एक दिवस खर्च करतील. आणि हंगाम संपून टोळी निघाली की त्या रोग्याचा पुढचा औषधांचा आणि शिध्याचा एक महिन्याचा साठा बरोबर द्यावा व त्याच्या गावच्या केंद्रास निरोप जावा. ऊसाची शेवटची मोळी गाडीत पडली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे होऊ नये.

आता आक्षेप. काही सभासद म्हणतील, "आधी ऊसाची बिलं वेळेवर द्या, मग धर्म करा." त्यांचा राग समजतो. म्हणूनच ऊस बिलातून एक पैसाही कापू नये, असे आम्ही आधीच म्हटले आहे. दुसरे म्हणतील, "मजूर मुकादमाचा, आपला काय संबंध?" त्याने तोडलेला ऊस आपल्या काट्यावर येतो, हाच संबंध. आणि रोगाला सभासद व मजूर यांचा भेद कळत नाही. त्या कोपीतला खोकला आपल्या वस्तीच्या विहिरीवर, दुकानात, मुलांच्या शाळेत येतोच. १९५० साली प्रवरानगरला राज्यातला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला तो नुसती साखर काढण्यासाठी नव्हता. एकट्याला जे पेलत नाही ते सर्वांनी मिळून उचलावे, म्हणून होता.

एक विनंती मात्र आग्रहाची. या टोपल्या वाटताना फोटो काढू नयेत. व्यासपीठ, हार, बॅनर काही नको. क्षय म्हटले की अजून लोक घरी पाणी पीत नाहीत, मुलीचे स्थळ मोडते, सुनेला माहेरी पाठवितात. नियमित औषध सुरू झाले की थोड्याच आठवड्यांत लागण करण्याची शक्ती पुष्कळ कमी होते आणि माणूस पूर्ण बरा होतो, तरीही. ज्याला मदत करायची त्याचे नाव वर्तमानपत्रात छापले, तर तो दुसऱ्या महिन्यात टोपली घ्यायला येणार नाही. आशाताईंच्या हाती पिशवी द्यावी, ती घरात पोचावी, एवढे पुरे.

त्या कोपीतल्या माणसाचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. ज्यांच्या फडात टोळी होती ते सभासद आमच्याबरोबर कोपीत आले होते. तक्रार करणारे तेच. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरून सकाळी तांब्याभर दूध आणि दुपारी डाळीची वाटी येऊ लागली. आठवड्याला डझनभर अंडी. औषध डॉक्टरांनी पुन्हा नीट लावून दिले. लेकरांची तपासणी झाली. मुकादमाला आम्ही समजावले, त्याने खाडे धरले नाहीत. हंगाम संपताना आम्ही त्या माणसाला आपल्या काट्यावर नव्हे, आरोग्य केंद्राच्या काट्यावर उभे केले. चार किलो वाढला होता. गाडीत बसताना म्हणाला, "साहेब, आता गोळी टिकती."

एका सभासदाने जे एका तांब्यात केले, ते आपण सर्वांनी मिळून करायचे आहे. येत्या वार्षिक सभेपुढे हा विषय ठेवावा, अशी विनंती आम्ही मा. संचालक मंडळास केली आहे. स्वेच्छा अर्जाचे नमुने प्रत्येक गट ऑफिसात ठेवले आहेत. पहिला अर्ज आम्ही आमच्या घरच्या कार्डाचा भरला आहे. दुसरा आपला यावा.

जय सहकार.

आपला,
ऊस विकास अधिकारी